पाटकऱ्याचं स्वयंपाकघर

एल्विन ट्रेम्बाथला कुणी विचारलं, तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत, तर तो सांगायचा, "चाललो." समोरच्याला वाटे, म्हातारा चेष्टा करतोय. पण ते खरंच होतं. मॅग्पाय पाटाच्या काठानं रोज नऊ मैल, खांद्यावर फावडं आणि कमरेला रिकामं पोतं, असा तो चौतीस वर्षं चालला. पाटकरी होता तो. डोंगरात वर जेवढं पाणी पाटात शिरलं तेवढं खाली पेनरोझ फ्लॅट गावाला पोचलं पाहिजे, एवढीच त्याची नोकरी. गोफर उंदरांनी काठ पोखरला की पोत्यात माती आणि गवत कोंबून बीळ बुजवायचं, झाड आडवं पडलं की तोडायचं, आणि बाकीचा वेळ कान उघडे ठेवून चालायचं. गळती आधी ऐकू येते, मग दिसते, असं तो म्हणे.

पाट खणला तो सोन्यासाठी. डोंगरावर पाण्याचा मारा करून अख्खा डोंगर धुऊन काढायचे आणि तळाशी उरलेलं सोनं वेचायचे दिवस होते ते. खालच्या मळ्यांमध्ये गाळ साचून शेतकऱ्यांनी बोंब ठोकली, तेव्हा कोर्टानं ते धुणं बंद पाडलं. सोनं गेलं, पाट राहिला. मग तेच पाणी नासपतीच्या बागांना आणि गाईंना जाऊ लागलं. १९८५ साली जमिनीखालून नळ टाकला, पाट कोरडा झाला आणि एल्विनला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ज्या माणसानं चौतीस वर्षांत कधी घड्याळ पाहिलं नाही त्याला घड्याळ. साहेबलोकांची अक्कल ती.

पाटाच्या काठाची वाट मात्र ओस पडली नाही. पाठीला रंगीबेरंगी पिशव्या बांधलेली माणसं तिथं चालायला येऊ लागली. एल्विनला सुरुवातीला मोठी गंमत वाटे. आपल्याला या चालण्याचा पगार मिळायचा, आणि हे बूट विकत घेऊन फुकट चालतात. पण हळूहळू तो त्यांच्याबरोबर जाऊ लागला. कुठं जुनं लोखंडी चाक गवतात पडलंय, कुठं चिनी मजुरांनी रचलेली दगडी भिंत अजून ताठ उभी आहे, हे दाखवू लागला. त्याचा जन्मभराचा दोस्त हॉवर्ड पास्को टपालखात्यातून निवृत्त झाला, आणि त्यानं 'मॅग्पाय वाट मंडळ' काढलं. अकरा सभासद, त्यातल्या नऊ जणांचे गुडघे गेलेले. पण या अकरांनी झुडपं तोडली, पाट्या लावल्या, आणि चाकाला साखळी घातली, कारण लोक चाकंसुद्धा पळवतात.

त्या वाटेवरचा दागिना म्हणजे टांगती. पाट डोंगराच्या कुशीनं येता येता एका कड्यापाशी थबकतो. तिथं खणायला जमीनच नाही. म्हणून जुन्या लोकांनी कड्यात लोखंडी आकडे ठोकले आणि त्यांवर एकशे चाळीस फुटांची लाकडी पन्हळ टांगली. खाली दोनशे फूट दरी. पन्हळीच्या कडेनं एक फळी जाते, तिच्यावरून पाटकरी चालायचा आणि आता हौशी लोक चालतात. साऱ्या परगण्यात अशा डझनभर पन्हळी होत्या. वणव्यात, बर्फात आणि आळसात बाकी सगळ्या गेल्या. ही एकच उरली, आणि ती कुणामुळे उरली हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात वनखात्याच्या कचेरीतून पत्र आलं. टांगती धोक्याची झाली आहे, ती काढून तिथं पोलादी पूल बसवायचा विचार आहे. मात्र पन्हळ खरोखर सोन्याच्या काळातली आहे असं ठरलं, तर तिची नोंद वारशात होईल आणि तिला कुणी हात लावणार नाही. हॉवर्डनं पत्र वाचून आनंदानं टोपी हवेत उडवली. हे तर सोपंच होतं. पन्हळ १८५८ सालची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तपासायला मारिसोल क्विंताना नावाची मुलगी आली. वय असेल तीसेक, जुन्या वस्तूंच्या अभ्यासात मुरलेली, आणि उंचीला अजिबात न घाबरणारी. कमरेला दोर बांधून ती तीन दिवस पन्हळीला लोंबकळत होती. भिंग लावून एकेक फळी बघायची, वहीत लिहायची. एल्विन रोज तिच्यासाठी पेस्टी घेऊन जाई. भल्यामोठ्या करंजीसारखी, बीफ, बटाटा आणि सलगम भरलेली, कोपऱ्यावर पिठाचंच एम अक्षर चिकटवलेली. खाणीत जाणाऱ्यांच्या पेस्टीवर नावाचं अक्षर असतं, अर्धी खाऊन ठेवली तरी दुसरा कुणी उचलत नाही. कड्यावर दुसरं कुणी नव्हतं, पण रीत ती रीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या घरी आली. हॉवर्ड आधीच स्वयंपाकघरात येऊन बसला होता. मारिसोलनं कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला.

"आकडे जुने आहेत," ती म्हणाली. "पण फळ्या नाहीत. एकही नाही. सगळ्या गोल करवतीनं कापलेल्या आणि तारेच्या खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. त्यातली सगळ्यात जुनी फळी १९५० नंतरची आहे, मिस्टर ट्रेम्बाथ."

एल्विन म्हणाला, "असणारच. मीच बसवल्यात."

त्याला कळेचना यात वाईट काय. फळी कुजली की काढायची आणि नवी घालायची, हेच तर काम. आज एक, पुढच्या महिन्यात दोन. आधीच्या पाटकऱ्यांनी लोखंडाचे पत्रे मारून, गोणपाट कोंबून दिवस काढले होते. एल्विनला तसली ठिगळं खपत नसत. त्याच्या पाळीत पन्हळीतून थेंब गळला नाही. आणि त्या थेंबापायीच आता सगळं वाहून चाललं होतं. मारिसोलनं हळूहळू समजावलं, की कचेरीच्या लेखी ही १८५८ ची पन्हळ नाही, ही एल्विन ट्रेम्बाथची पन्हळ आहे.

हॉवर्डला अशा वेळी गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "लेका, तू थोडा आळशी असतास तर आज इतिहास वाचला असता."

कुणीच हसलं नाही. एल्विनचा चेहरा असा पडला, की हॉवर्डनंही मान खाली घातली. ज्या पन्हळीला लेकरासारखं सांभाळलं, तिचा घात आपल्याच हातानं झाला, हे सत्तराव्या वर्षी ऐकावं लागणं काही सोपं नसतं.

मारिसोल कप ठेवायला उठली. बशीसाठी तिनं भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली. मग तिनं कपाटातल्या बश्या एकेक करून बाहेर काढल्या. आतल्या लाकडावर बोटं फिरवली. खोलीच्या भिंती रंगवलेल्या होत्या, पण कपाटाच्या आत कुणी रंग दिला नव्हता. लाकडावर सरळ उभ्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. गोल करवतीचे वळणदार ओरखडे नव्हेत. वर-खाली चालणाऱ्या जुन्या करवतीच्या रेघा. आणि कडेला खिळ्यांची भोकं, चौकोनी.

"हे लाकूड कुठून आणलंत?" तिनं विचारलं.

एल्विननं सांगितलं. सांगताना त्यालाही पहिल्यांदाच कळत गेलं, की आपण काय सांगतोय.

ते १९५३ साल होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि घर म्हणजे एकच खोली. बायको, मेल्वा, चुलीशी उभी राहिली की एल्विनला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागे. टांगतीतून काढलेली फळी दरीत फेकून द्यायची पद्धत होती. पण एल्विननं पाहिलं, की फळी टोकाशी कुजते, मधला गाभा अजून खणखणीत आहे. जुना देवदार होता तो. तो टोकं कापून टाकी आणि उरलेलं खांद्यावर घेऊन घरी येई. एका वेळी दोन फळ्या, साडेचार मैल. मेल्वा अंगणात बसून त्यातले खिळे उपटायची आणि ठोकून सरळ करायची. कोंड्याचा मांडा करणारी बाई. तिला जेव्हा पहिल्यांदा दोन फळ्या दिसल्या तेव्हा तिनं विचारलं होतं, याचं काय करायचं. तो म्हणाला, स्वयंपाकघर. ती म्हणाली, दोन फळ्यांचं? मग त्यानं सांगितलं, की दर महिन्याला दोन येतील. पंधरा महिन्यांत बारा बाय दहाचं स्वयंपाकघर उभं राहिलं. मेल्वाचा भाऊ शाळेच्या बसगाड्या रंगवायचा. त्याच्याकडचा उरलेला भडक पिवळा रंग तिनं आणला आणि त्यात पांढरा घालून घालून लोण्यासारखा केला. त्या खोलीत तिनं अडतीस वर्षं स्वयंपाक केला. सहा वर्षांपूर्वी ती गेली. एल्विन तेव्हापासून त्याच खोलीत राहत होता म्हटलं तरी चालेल. बाकीच्या घरात तो फक्त झोपायला जाई.

मारिसोलनं पुढचे दोन तास भिंती तपासल्या. सगळ्या फळ्या जुन्या नव्हत्या. पण एकोणीस होत्या. पुढचं बोलायला तिला जड जात होतं, तरी बोलली. या एकोणीस फळ्या मूळ जागी परत गेल्या, तर ती कचेरीशी भांडू शकत होती. आणि ती भांडणं जिंकणारी मुलगी होती, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

एल्विन उठला आणि म्हणाला, की उशीर झालाय, आता तुम्ही दोघं निघा.

आठ दिवस तो टांगतीकडे फिरकला नाही. हॉवर्डलाही दारातूनच परत पाठवलं. इकडे आड, तिकडे विहीर असं झालं होतं त्याचं. एका हातात आयुष्यभराचं काम, दुसऱ्या हातात बायको. दोन्हीतलं एकच ठेवा म्हणणारे लोक, आणि ते वाईटही नाहीत, म्हणजे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. मधेच त्याला वाटे, पडू दे ती पन्हळ, पोलादी पुलावरूनही लोक चालतीलच. मग वाटे, पण मग त्या कड्यात आकडे कशासाठी ठोकले होते, हे कुणाला कळणार? सकाळी तो कपाटासमोर उभा राही आणि त्याला काय घ्यायला आलो ते आठवत नसे.

शेवटी त्यानं सॅक्रामेंटोला लेकीला फोन केला. जोलीन दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. दिवसभर तोंडं उघडी ठेवायला लावायची सवय, पण त्या दिवशी तिचंच तोंड उघडं राहिलं. तिनं नीट ऐकूनही घेतलं नाही. शनिवारी सकाळी गाडी घेऊन दारात हजर झाली.

"आईची भिंत उपटून दरीवर टांगणार?" ती म्हणाली. "बाबा, त्या पन्हळीनं तुम्हाला काय दिलं? एक घड्याळ. या खोलीत मी चालायला शिकले. त्या लोकांना सांगा, जुनी फळी हवी असेल तर दुसरीकडे शोधा."

एल्विननं तिला बोलू दिलं. तिचा स्वभाव आईवर गेला होता. आधी उकळी, मग साय. त्यानं पेस्टी गरम केली, तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसला.

"मी गेल्यावर तू हे घर विकणार," तो म्हणाला. "नाही म्हणू नकोस, विकावंच लागेल तुला. तू तिकडे, घर इकडे. जो घेईल तो पहिल्याच आठवड्यात हे स्वयंपाकघर पाडेल. आत्ताच्या लोकांना एवढ्याशा खोलीत स्वयंपाक करवत नाही. फळ्या अंगणात टाकतील आणि हिवाळ्यात जाळतील. त्यांची चूक नाही. त्यांना काय माहीत."

जोलीननं पेस्टीला हात लावला नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. चुलीच्या बाजूच्या फळीवर तेलाचा जो भला मोठा डाग होता, तो मेल्वाच्यानं एवढी वर्षं कधी निघाला नव्हता. मग तिनं विचारलं, की घरात पहार आहे का.

फळ्या काढायला चार दिवस लागले. हॉवर्ड आला, मंडळाचे दोन धड गुडघे आले. एल्विननं प्रत्येक फळी काढली की तिच्यावर खडूनं लिहिलं. वरून तिसरं खोकं, तळ, उजवीकडची. अकरावं खोकं, डावी भिंत, खालची. दोन चौकटींमधल्या पन्हळीच्या तुकड्याला पाटकरी खोकं म्हणत. मारिसोल पेन घेऊन मागे उभी होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, की नक्की ना? पंचेचाळीस वर्षं झाली याला. एल्विन म्हणाला, फळी काढताना माणूस तिच्यासमोर दोन तास गुडघ्यावर बसलेला असतो, तोंड विसरेल, फळी विसरत नाही. त्याची परीक्षा घ्यायची म्हणून तिनं खिळ्यांची भोकं पन्हळीच्या चौकटीशी ताडून बघितली. सगळी जुळली. कापलेल्या टोकांना नवे तुकडे सांधायचे, आणि ते नवेच दिसू द्यायचे, असंही ठरलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं मग रंगाचं निघालं. कचेरीतून एक गृहस्थ आले, इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. फळ्या बघून खूश झाले आणि म्हणाले, की तेवढा पिवळा रंग खरवडून काढा, म्हणजे मूळ रूप येईल. एल्विन काही बोलण्याआधी जोलीनच पुढे झाली.

"रंग राहील," ती म्हणाली. "नाहीतर फळ्या घरी जातील. मीच उचलून नेईन. वजन माहीत आहे मला."

गृहस्थांनी मारिसोलकडे बघितलं. मारिसोलनं वही उघडून अगदी कचेरीच्या भाषेत सांगितलं, की पाटकऱ्यांची घरं ही देखील पाटाच्या इतिहासाचाच भाग आहेत, आणि रंगाची नोंद १९५४ अशी झालेली आहे. गृहस्थ ज्या वाटेनं आले त्या वाटेनं गेले.

कचेरीनं नोंद मान्य केली, ऑक्टोबरात फळ्या बसून पन्हळ तयार झाली आणि एल्विननं नवाच हट्ट धरला, की पाणी सोडा. कोरडं लाकूड मरतं. पन्हळ पाण्यानं भरलेली असली तर शंभर वर्षं जगते, वाळली की दहा वर्षांत चिरते. मंडळानं वरच्या ओढ्यापासून अर्धा मैल पाट साफ केला. पाणी सोडायच्या दिवशी पन्नासेक माणसं जमली. पाटाच्या तोंडाशी आडवी घातलेली फळी उचलली, पाणी आलं, आणि टांगती चाळणीसारखी गळायला लागली. तळातून, कडांतून, सांध्यांतून पाणी दरीत कोसळत होतं. चकचकीत बूटवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. लोक कुजबुजू लागले.

एल्विन मात्र जेवायला बसला. हॉवर्डला म्हणाला, भुसा आण. त्यानं सकाळीच दोन पोती लाकडाचा भुसा आणि एक पोतं घोड्याची लीद वर नेऊन ठेवली होती. पाण्यात फावडं फावडं सोडत राहायचं. पाणीच ते गळतीपाशी ओढून नेतं आणि भेगेत कोंबतं. दरम्यान फळ्या पाणी पितात, फुगतात आणि एकमेकींना घट्ट दाबतात. चौतीस वर्षं दर वसंतात तो हेच करत आला होता. गृहस्थांना ऐतिहासिक पन्हळीत लीद टाकायला परवानगी लागेल का, असा प्रश्न पडला होता, पण त्यांना विचारायला कुणी थांबलं नाही. दोन वाजता धारांचे थेंब झाले. चार वाजता थेंबही थांबले. एल्विन कान लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत येऊन म्हणाला, की झालं. टाळ्या वाजल्या. काही लोक रडले. हॉवर्डनं नाक शिंकरलं आणि लीदीच्या वासाला दोष दिला.

माणसं पांगली. मारिसोल निघाली तेव्हा तिनं एल्विनचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग उरले बाप आणि लेक. भुसा वाहून गेला होता आणि पाणी स्वच्छ झालं होतं. जोलीन कडेच्या फळीवर चढली, दोराला धरून हळूहळू चालू लागली. एल्विन मागे.

एल्विननं पूर्वी बसवलेल्या फळ्या करड्या दिसत होत्या. तिसऱ्या खोक्यात पाण्याखाली पहिला पिवळा पट्टा आला. जोलीन थांबली. खिडकीखालची फळी होती ती. मग बरंच करडं लाकूड, आणि पुन्हा पिवळा, कपाटाच्या दाराशेजारचा. टेबलामागची. दाराची चौकट. घरात या सगळ्या खांद्याला खांदा लावून होत्या. इथं जिथली ती तिथं गेली होती, एकीपासून दुसरी तीन पावलांवर, पाच पावलांवर. अकराव्या खोक्यात चुलीजवळची आली. तेलाचा डाग पाण्याखाली आणखी गडद दिसत होता. जोलीन गुडघ्यावर बसली, बाही वर न करताच हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि त्या डागावर ठेवला. पाणी बर्फासारखं होतं. एल्विननं तिला घाई केली नाही.

बारा फुटांचं स्वयंपाकघर, ते चालून जायला त्यांना पाऊण तास लागला. पलीकडच्या टोकाला खडकावर पाय ठेवून जोलीननं मागे वळून बघितलं. तिची बाही ठिबकत होती.

"संपलं," ती म्हणाली.

"घरी जायला परत इकडूनच यायचंय ना," एल्विन म्हणाला. "पुन्हा वाटेत लागेल ते."